फोनचे पैसे कोणी भरायचे?

टेलिफोनचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण ग्रॅहम बेलपासून आरंभ करतात. १८७६ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे सहा वर्षांच्या आत, म्हणजे १८८२ च्या जानेवारीत, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत टेलिफोनची एक्स्चेंजेस उघडली. यंत्राची ही हकीकत मुलांच्या पुस्तकात असते. पण त्या यंत्राचे बिल कसे आकारायचे, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. आणि माझे म्हणणे असे आहे की, इंटरनेट कोणत्या देशात घरोघर आधी शिरले आणि मोबाईल कोणत्या देशात खिशात आधी आला, याचा उलगडा यंत्रापेक्षा बिलाच्या कागदावरच अधिक होतो.

आता पाहा, टेलिफोनचे पैसे घेण्याच्या रीती मोठ्या तीन. पहिली रीत, महिन्याला ठरलेली रक्कम भरा आणि गावातल्या गावात हवे तितके बोला. दुसरी, दर फोनला ठरावीक पैसे. फोन एकदा लागला की पाच मिनिटे बोला नाही तर तासभर. तिसरी रीत मीटरची. बोलणे चालू आहे तोवर दर काही सेकंदांनी वा मिनिटांनी मीटरचा आकडा एकाने पुढे सरकतो. त्या एका टप्प्याला ‘पल्स’ म्हणतात. नाडीसारखाच तो ठोका, फक्त प्रत्येक ठोक्याला खिसा हलका होतो!

आपल्याकडे कित्येक वर्षे स्थानिक फोनला दुसरी रीत होती. पुढे त्यालाही वेळेचे बंधन आले, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत स्थानिक फोनची पल्स तीन मिनिटांची होती. दूरच्या फोनची गोष्ट निराळी. आधी ट्रंक कॉल. एक्स्चेंजला नंबर सांगायचा आणि वाट पाहत बसायचे. घाई असेल तर ‘अर्जंट’, फारच निकड असेल तर ‘लाइटनिंग’, आणि तसतसा दर चढत जायचा. १९६० च्या नोव्हेंबरात लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये एसटीडी सुरू झाली, आणि मध्ये कोणाला न विचारता परगावचा नंबर फिरवता येऊ लागला. पण या एसटीडीची पल्स दूरच्या गावासाठी दोन-चार सेकंदांची असे. हजार किलोमीटरच्या पलीकडे दिवसा बोलायचे तर १९९० च्या दशकात मिनिटाला तीस रुपयांच्याही वर आकडा जाई.

हे असं का? दूरच्या तारेला खरोखर इतका खर्च येत होता का? नाही. सरकारी धोरणच तसे होते. स्थानिक फोन आणि महिन्याचे भाडे स्वस्त ठेवायचे, खेड्यात ते आणखी स्वस्त ठेवायचे, आणि त्यातली तूट एसटीडी-आयएसडीच्या कमाईतून भरून काढायची. हेतू चांगला होता. पण हिशेब कोणाच्या पदरात पडला ते पाहा. स्वस्त भाड्याचा लाभ ज्याच्या घरी फोन आहे त्याला. महागड्या एसटीडीचा भार कोणाला? जो मुंबईत गिरणीत वा हॉटेलात काम करतो, ज्याच्या घरी फोन नाही, आणि जो बूथवर उभा राहून रत्नागिरीला वा साताऱ्याला घरची खुशाली विचारतो त्याला. गरिबाला मदत म्हणून आखलेली ही रचना, आणि तिची वर्गणी बूथच्या रांगेतला चाकरमानी भरीत होता. माझ्या मते हा त्या काळच्या दरपत्रकातला सर्वांत मोठा अन्याय होय.

त्या पिवळ्या बूथांची आठवण अनेकांना असेल. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते गावोगाव उभे राहिले. काचेची खोली, आत एकच स्टूल, आणि समोर लाल आकड्यांचा मीटर. बोलणाऱ्याचे डोळे मीटरवर, कान पलीकडे, आणि तोंडी एकच वाक्य: “लवकर बोल, पैसे पडतायत!” रात्री अकरा वाजले की दर पाव व्हायचा, म्हणून अकराच्या ठोक्याला बूथसमोर माणसे जमत. सरकारी दरपत्रकातल्या एका ओळीने साऱ्या देशाची झोपायची वेळ बदलली होती, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

बरे, आता इंटरनेटकडे वळू. आज इंटरनेट म्हटले की हवेतून येणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. पण घरोघर ते आधी आले टेलिफोनच्या तारेवरून. संगणकाला मोडेम नावाची पेटी जोडायची, ती पेटी फोन लावी, किर्र-कुर्र असा आवाज करी, आणि मग पलीकडच्या संगणकाशी बोलणे सुरू होई. टेलिफोन खात्याच्या दृष्टीने हा साधा स्थानिक फोनच. माणूस माणसाशी बोलतो की यंत्र यंत्राशी, मीटरला त्याचे सोयरसुतक नाही. फरक एवढाच की, माणूस पाच मिनिटांत बोलणे उरकतो; यंत्राला तास लागतो.

इथेच अमेरिकेचे नशीब उघडले. तिथे बहुतेक घरांत पहिली रीत होती. महिन्याचे ठरलेले पैसे, मग गावातल्या गावात बोला कितीही. इंटरनेट पुरवणाऱ्याने त्याच शहरात आपला नंबर ठेवला की तासन्‌तास जोडून राहिले तरी टेलिफोनचे बिल एका पैशाने वाढत नसे. त्यातच डिसेंबर १९९६ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ या मोठ्या कंपनीने तासाचा हिशेब सोडून महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट असा एकच दर लावला. लोक असे तुटून पडले की कंपनीच्या टेलिफोनच्या ओळी तुंबल्या आणि नवीन माणसाला फोनच लागेना. दोन्ही मीटर बंद, टेलिफोनचाही आणि इंटरनेटचाही. मग घरातली पोरे रात्ररात्र त्याच्यापुढे बसली तर नवल ते काय!

युरोपात विद्या कमी नव्हती, संगणक कमी नव्हते. उलट ज्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ला आपण आज सर्रास इंटरनेट म्हणतो, ते युरोपातल्याच सर्न या संस्थेत १९८९ ते १९९१ च्या दरम्यान टिम बर्नर्स-ली यांनी घडवले. पण घरात ते पसरायला तिथे अडथळा होता तो स्थानिक फोनच्या मीटरचा. लोकांना हे इतके सलले की १९९८ च्या सप्टेंबरात स्पेनमध्ये आणि पुढे नोव्हेंबरात जर्मनीत इंटरनेट वापरणाऱ्यांनी चक्क संप केला. एक दिवस कोणी जोडणीच करायची नाही! मागणी एकच, महिन्याला ठरलेला दर द्या. इंग्लंडात त्याच वर्षी ‘फ्रीसर्व्ह’ नावाची सेवा निघाली. ती इंटरनेटचे वेगळे पैसे घेईना; ग्राहकाच्या टेलिफोन बिलातला वाटा टेलिफोन कंपनीकडून घेई. युक्ती नामी, पण मीटर चालूच होता. इंग्लंडात मीटरविना इंटरनेट जोडण्याची रीतसर वाट २००० सालाच्या पुढे मोकळी झाली.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. ‘सर्वसामान्य’ हा शब्द जरा जपून घ्यायचा. चित्रे दिसतील असे घरगुती खाते वर्षाला १५,००० रुपये. विद्यार्थ्याला ५०० रुपयांत मिळे, पण त्यात नुसती अक्षरे. आणि याच्यावर टेलिफोनचे बिल वेगळे. गुरुजींनी फळ्यावर हे गणित मुलांकडून करून घ्यावे. तीन मिनिटांची एक पल्स, म्हणजे तासाला वीस पल्स. सोयीसाठी पल्सला एक रुपया धरा, तर तासाला वीस रुपये आणि रोज एक तास म्हटले तर महिन्याला सहाशे रुपये, फक्त टेलिफोनचे. हा हिशेब मुंबईकराचा. ज्याच्या जवळपास इंटरनेटचा नंबरच नाही, त्याने परगावी एसटीडी लावायची. मग दर काही सेकंदांना पल्स. खेड्यातल्या माणसाने इंटरनेट घेतले नाही ते अडाणीपणामुळे, असे त्या वेळी काही शहाणे लिहीत. त्यांनी एकदा ते बिल पाहायला हवे होते.

म्हणून इंटरनेट आपल्याकडे घरात न येता नाक्यावर आले, सायबर कॅफेत. तो एसटीडी बूथचाच धाकटा भाऊ. एका तारेचा खर्च दहा जणांत वाटला गेला. आणि जिथे कॅफेही परवडेना तिथे सहकाराने वाट काढून पाहिली. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सत्तर गावांसाठी संगणक-केंद्रांची योजना आली. शेतकऱ्याने केंद्रात जावे, उसाचे वजन किती झाले, बिल किती निघाले, खताची किती उचल झाली ते पाहावे. कामाची गोष्ट होती. पण बाहेरच्या जगाचे इंटरनेट म्हणून ते संगणक फारसे वापरले गेले नाहीत. कारखान्याच्या हिशेबाचेच ते साधन राहिले आणि त्यांची देखभाल महाग पडली. पुढे २००६ च्या सुमारास संशोधकांनी तिथल्या सात गावांत प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवून तीच माहिती मोबाईलच्या संदेशातून पाठवायची. काम तेवढेच झाले, आणि स्वस्तात झाले. आठ वर्षांच्या आत खेड्यात संगणकाची जागा मोबाईलने घेतली, ती अशी.

पण मोबाईल तिथवर पोचला कसा? तीही दराचीच कथा आहे, आणि माझ्या मते सर्वांत रंजक.

भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैशांपासून गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैशांपर्यंत. आणि खरी मेख पुढे आहे. फोन आपण केला तरी पैसे, दुसऱ्याने आपल्याला केला तरी पैसे! पोस्टाने आलेल्या प्रत्येक पत्राला पोस्टमनच्या हातावर आणे ठेवायचे, तसा प्रकार. मग लोक काय करीत? नंबर पाहून फोन कापीत आणि जवळच्या बूथवरून उलट फोन लावीत. खिशात हजारो रुपयांचे यंत्र, आणि बोलायला रुपयाचा बूथ!

उचलणाऱ्याने पैसे द्यायचे, ही रीत मूळ अमेरिकेतली. तिथे मोबाईलचे नंबर साध्या फोनसारखेच असत. फोन करणाऱ्याला कळायचेच नाही की आपण मोबाईलवर करतो आहोत. मग त्याच्याकडून जादा पैसे कसे घेणार? म्हणून ते उचलणाऱ्याच्या माथी. परिणाम असा झाला की लोक आपला नंबर कोणाला देईनात, यंत्र बंद करून ठेवीत. युरोपात उलट. मोबाईलला वेगळे नंबर, आणि पैसे करणाऱ्याचे. घेणाऱ्याला फुकट. तेव्हा गरिबातला गरीबही एक कार्ड घेऊन, त्यात थोडे पैसे टाकून, फोन येण्याची वाट पाहत बसू शकला. गंमत पाहा. एकाच अमेरिकेत इंटरनेट लवकर आणि मोबाईल उशिरा. एकाच युरोपात इंटरनेट उशिरा आणि मोबाईल लवकर. लोकांच्या स्वभावावर, हवापाण्यावर याची कारणे शोधणारे पुष्कळ निघाले. बिल कोणाच्या नावावर फाडले जाते हे पाहिले असते तर बरेच श्रम वाचले असते. अर्थात दर हेच एकमेव कारण नव्हते. युरोपाने सगळीकडे चालणारी एकच मोबाईल पद्धत स्वीकारली होती, अमेरिकेत पद्धती अनेक होत्या. त्याचाही वाटा होताच.

आपण तेव्हा अमेरिकेच्या रांगेत उभे होतो. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांच्या डोक्यावरची ठरीव परवाना फी काढून त्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचे ठरवले. दर उतरू लागले. करणाऱ्याने पैसे द्यावेत अशी पद्धत आणण्याचा ट्रायने त्याच वेळी प्रयत्न केला, तो २००० साली दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर दुसऱ्या वाटेने, कंपन्यांनी एकमेकींना काय द्यायचे याचे नियम करून, १ मे २००३ पासून ती पद्धत देशभर लागू झाली. महाराष्ट्र दिनालाच हे घडावे हा योगायोग. इनकमिंग फुकट झाले!

हा शब्द गावागावांत सगळ्यांना ठाऊक झाला तो त्या वर्षी. त्याआधी काही महिने, २००२ च्या डिसेंबरअखेर, रिलायन्सने स्वस्त सेवा काढली होती आणि जुलै २००३ मध्ये ५०१ रुपये भरून फोन घ्या अशी योजना आणली. २००४ साली देशातले मोबाईल तारेच्या फोनांपेक्षा संख्येने जास्त झाले. तार पोचायला सव्वाशे वर्षे कमी पडली, आणि ज्याला तार कधीच मिळाली नव्हती त्याने तिची वाट पाहणेच सोडून दिले. १९९९ च्या धोरणाने खेड्यांत दर शंभर माणसांमागे ०.४ असलेले फोन २०१० पर्यंत ४ करायचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात २०१० उजाडले तेव्हा खेड्यांतला आकडा वीसच्या वर गेला होता. सरकारी उद्दिष्ट पाचपटीने ओलांडले गेल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळाच.

आणि मिसकॉल! त्याला विसरून कसे चालेल? फोन उचलला तर पैसे, न उचलता वाजला तर फुकट. एवढ्या फटीतून लोकांनी आपली स्वतःची तारयंत्रणा उभी केली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. ऊसतोडीला गेलेला बाप कारखान्यावरून मिसकॉल देई, आणि घरी समजे की बिऱ्हाड सुखरूप पोचले. कंपनीला यातून छदाम मिळत नसे. खरी सरकारी तार मात्र जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

दरांची पडझड पुढे चालूच राहिली. २००५ साली मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यातला फोन हा एका राज्यातलाच फोन मानला गेला; तोवर टेलिफोनच्या नकाशात मुंबई महाराष्ट्रात नव्हतीच म्हणायची! गोवा मात्र महाराष्ट्राच्याच मंडळात होता. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशात कोठेही मिनिटाला एक रुपया असा दर आणला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा केला, आणि पल्स नावाची चीज जवळजवळ संपली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओने बोलणे फुकट करून फक्त इंटरनेटचे पैसे घ्यायला आरंभ केला. अमेरिकेच्या घरात १९९६ साली जो एकरकमी दर शिरला, तो वीस वर्षांनी आपल्याकडे थेट शेताच्या बांधावर आला. तारेविना, संगणकाविना.

इथे गोष्ट गोड शेवट करून थांबवता आली असती. पण खरी पंचाईत पुढेच आहे आणि ती खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांची आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

इनकमिंग फुकट होते, म्हणजे कोणीच पैसे देत नव्हते असे नव्हे. एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाला फोन करी, तेव्हा पहिली कंपनी दुसरीला काही पैसे देई. २००४ पासून हे मिनिटाला ३० पैसे होते. म्हणून जी आजी कधी कोणाला फोन करत नाही, नुसते मुलाचे फोन घेते, तीही कंपनीला कमाईची ग्राहक वाटे. याच हिशेबावर २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘आजन्म इनकमिंग’ देणाऱ्या योजना निघाल्या. पुढे हे ३० पैसे कमी होत गेले. २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. करणाऱ्यांचे दर यामुळे उतरले, हे खरे. पण त्याबरोबर आजीपासून येणारी कमाईही संपली. २०१८ च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांनी फर्मान काढले, दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज करा, नाही तर इनकमिंगही बंद. आजन्म म्हणून घेतलेले कार्ड असे जिवंतपणीच मुके झाले. पुढे किमान रक्कम वाढत गेली. जुलै २०२४ मध्ये सगळ्याच खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि बहुतेक पॅकमध्ये इंटरनेट बांधलेलेच. ज्याच्याकडे बटणांचा साधा फोन आहे त्याने ते इंटरनेट चाटायचे काय?

या तक्रारी ट्रायपर्यंत गेल्या. २३ डिसेंबर २०२४ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला नुसत्या बोलण्याचा आणि संदेशांचा, इंटरनेट नसलेला, निदान एक पॅक ठेवणे बंधनकारक झाले; अशा खास पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तसे पॅक काढले. घरात बटणांचा फोन वापरणारे कोणी वडीलधारे असतील, तर रिचार्जच्या दुकानात “इंटरनेट नको, नुसते बोलण्याचे द्या” असे नाव घेऊन मागा. गुरुजींनी पालकसभेत एवढे सांगितले तरी पुरे.